दहाव्या पायरीवरचा हातचा

मुलुंडहून डोंबिवलीकडे जाणारी धीमी लोकल ठाणे मागे टाकते, खाडी ओलांडते, कळवा-मुंब्र्याच्या अंगानं पारसिकच्या डोंगराला वळसा घालते आणि दिवा, कोपर घेत डोंबिवलीत शिरते. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या माणसांना हा रस्ता पाठ असतो. कुणाची बहीण तिकडे दिलेली असते, कुणाचा भाऊ परवडणारी जागा बघून तिकडे राहायला गेलेला असतो. मीही या मार्गावर अनेक वर्षं ये-जा केली. याच डोंबिवली स्थानकावर एका माणसाला एक संख्या सुचली आणि तिला त्यानं स्थानकाचंच नाव दिलं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून डोंबिवलीच्या फलाटावर पाय ठेवला की मला त्या माणसाची आठवण होते.

त्याचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. तेव्हा या मार्गावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी धावायची, जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी. मुंबईपासून तीस मैलांवरचं आजचं डोंबिवली स्थानक कापरेकरांच्या लेखनात ‘डेम्लो’ या नावानं येतं. तिथं सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. जगभरच्या अंकगणिताच्या कोशांत आज हे नाव आहे. ते वाचणाऱ्या बहुतेकांना हे एका लोकल स्थानकाचं नाव आहे याची कल्पनाही नसते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. तो नाद त्यांनी मुलालाही लावला. फलज्योतिषावर कुणाचा विश्वास असो वा नसो, पत्रिका मांडायची तर आकडेमोड करावीच लागते, आणि त्या पोराला त्यातला फलाचा भाग सोडून आकड्यांचाच भाग आवडला असावा असं मला वाटतं. शाळा ठाण्याला झाली. १९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. मधल्या काळात, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं.

या पारितोषिकाच्या नावात एका काळाची हकिगत आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनी फर्ग्युसनमध्ये शिकवायला घेतलं. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचं ग्रंथालयही पुण्यातच, फर्ग्युसनमध्ये होतं. म्हणजे विशीतल्या कापरेकरांच्या भोवती गणिताची हवा होती, नियतकालिकं होती, चर्चा होती. त्यांच्या पिढीतल्या हुशार मुलासमोर पुढचा रस्ता स्पष्ट असायचा: एम.ए., मग विलायत, मग प्राध्यापकी. कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं नाही. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर म्हणून गेले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवत राहिले. देवळालीहून मुंबईला यायचं तर इगतपुरी, कसारा, कल्याण करत गाडी डोंबिवलीवरूनच येते. त्यांचं आयुष्य जणू याच रुळांवर मांडलेलं होतं.

आता डेम्लो संख्या म्हणजे काय ते बघू. एक संख्या घ्या आणि तिचे तीन भाग करा: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा भाग मिळवले की पुन्हा तोच अंक यायला हवा. २५५३ घ्या: दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच बसलेले. १७७६: एक आणि सहा सात. १८८८८८७: एक आणि सात आठ, मध्ये आठांची रांग. यातलं सगळ्यात देखणं कुटुंब कापरेकरांनी वेगळं काढलं आणि त्याला ‘अद्भुत डेम्लो’ म्हटलं. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग करायचा. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. जिना चढतो, माथ्यावर जातो, उतरतो. आणि डेम्लोची अटही पाळतो: १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३, १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, मध्ये ४. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, आणि त्याचा डावा आणि उजवा भाग मिळवले की आठच्या आठ नऊ.

१९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात या अद्भुत डेम्लो संख्यांवर त्यांचं टिपण छापून आलं. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये के. आर. गुंजीकर आणि कापरेकर अशा दोघांच्या नावानं डेम्लो संख्यांचा सिद्धान्त मांडणारा लेख आला. १९४८ मध्ये देवळालीहून त्यांनी ‘डेम्लो नंबर्स’ हे छोटं पुस्तकही काढलं.

इथं मला माझ्या भाचीचा एक प्रसंग सांगायचा आहे, कारण या लेखाचा खरा विषय तिनंच माझ्यापुढे आणून ठेवला. ती आठवीत आहे. सुटीच्या दिवशी मुलुंडला आमच्याकडे येते. मी तिला नऊ एकांपर्यंतचा हा जिना दाखवला. तिला तो आवडला आणि तिनं लगेच दहाव्या पायरीचं उत्तर सांगितलं: “एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा, मग नऊ आठ सात...” म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मी म्हटलं, करून बघ. तिनं चौकटीची वही घेतली आणि दहा एक एकाखाली एक, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवत लिहिले. दहा ओळी. मग स्तंभांची बेरीज उजवीकडून सुरू केली. पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असं करत नवव्यात नऊ. दहाव्या स्तंभात दहा एक. तिनं शून्य लिहिलं आणि एक हातचा डोक्यावर मांडला. पुढच्या स्तंभात नऊ एक होते. हातचा मिळवून दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढे आठ. हातचा मिळवून नऊ. मग सात, सहा, पाच, सरळ एकपर्यंत. उत्तर आलं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “मामा, चढणीतला आठ कुठे गेला?”

आठ गेला नव्हता. त्यानं हातचा घेतला होता आणि तो नऊ झाला होता. त्याच्या पुढचा नऊ हातचा घेऊन दहा झाला, त्यातलं शून्य मागे उरलं आणि त्याचा एक आठाकडे गेला. माथ्यावरच्या दहाचंही शून्यच उरलं. म्हणून जिना चढताना सातवरून एकदम नऊवर उडी मारतो, मग दोन शून्यांच्या खड्ड्यात पडतो, आणि उतरताना मात्र नऊपासून शिस्तीत खाली येतो.

आता दोन रांगा शेजारी ठेवून बघा. गणिताच्या पुस्तकात अशा रांगेला क्रमिका म्हणतात. पहिली क्रमिका एकांच्या वर्गांची. दुसरी नुसती लिहिण्याची: एकपासून हव्या त्या आकड्यापर्यंत चढत लिहायचं आणि पुन्हा एकपर्यंत उतरत यायचं. पहिली नऊ पदं अगदी सारखी. एका अंकाचाही फरक नाही. ज्यानं नऊच पदं बघितली त्याला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सांगून पटणार नाही. दहाव्या पायरीला फाटा फुटतो, आणि एकदा फुटला की दोन्ही रांगा पुन्हा कधीच भेटत नाहीत. पहिल्या रांगेतलं दहावं पद एकोणीस अंकी आहे आणि ते ११११११११११ चा वर्ग आहे. म्हणजे ते फुटतं, आणि पुरतं फुटतं: ११, ४१, २७१ आणि ९०९१ या मूळ संख्यांत, प्रत्येक दोनदा. दुसऱ्या रांगेतलं दहावं पद वीस अंकी आहे आणि ती मूळ संख्या आहे. एक आणि स्वतःशिवाय कशानंही तिला भाग जात नाही. नऊ पायऱ्या खांद्याला खांदा लावून चालल्यावर एक पूर्ण वर्ग होते आणि दुसरी अभेद्य होते.

फरक कशानं पडला? पहिली क्रमिका हातचा पुढे नेते. दुसरी नेत नाही, दहा जसा आहे तसा लिहून टाकते. गुणाकाराच्या स्तंभांत दोघींची सामग्री एकच होती: एक ते दहा आणि परत एक. दहा हा आपल्याकडे एका घरात मावत नाही, एवढीच काय ती अडचण. दहाव्या पायरीच्या जिन्यात डावा १२३४५६७८९ आणि उजवा ९८७६५४३२१ मिळवले की १११११११११० येतात, म्हणजे १११११११११ च्या बरोबर दहापट. मधला दहा हा एकच अंक मानला असता तर डेम्लोची अट तिथंही तंतोतंत पाळली गेली असती. सोळाच्या पायावरच्या, संगणकवाल्यांच्या लिहिण्यात या दोन क्रमिका पंधरा पायऱ्या सोबत चालतात आणि सोळाव्याला वेगळ्या होतात. आपण दहा बोटांची माणसं, म्हणून आपल्याला नववी पायरी शेवटची.

कापरेकरांच्या कामाला त्यांच्या हयातीत बहुतेकांनी करमणुकीचं अंकगणित म्हणून बाजूला ठेवलं. विद्यापीठातल्या गणितज्ञांचा आक्षेप ठरलेला असायचा: हे सगळं दशमान लेखनावर अवलंबून आहे, संख्येच्या अंगच्या गुणांवर नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण लेखनाची पद्धत आणि संख्या यांच्यामधला जो सांधा आहे, तिथं काय घडतं हाच तर प्रश्न आहे, आणि हातचा हे त्या सांध्याचं नाव आहे. कापरेकर आयुष्यभर त्या सांध्यावर काम करत राहिले. शाळेत शिकवायचे, उरलेल्या वेळात आकडे मांडायचे, लहान लहान पुस्तिका स्वतःच छापून काढायचे. शाळा-कॉलेजांत बोलावलं की जाऊन बोलायचे. आकड्यांत बुडालेल्या माणसाला त्यातून बाहेर यावंसंच वाटत नाही, अशा अर्थाचं ते स्वतःबद्दल सांगत. ‘गणितानंद’ हे नाव त्यांना शोभून दिसलं.

त्यांचं जे काम सगळ्यांना माहीत आहे त्यावर मी फार रेंगाळत नाही. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. सातपेक्षा जास्त वेळा करावं लागत नाही. ६१७४ येतंच, आणि आलं की तिथंच थांबतं. हे त्यांना १९४६ मध्ये सापडलं, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यावर लेख आला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि सत्तरीतल्या या निवृत्त मास्तरांचं नाव एकाएकी जगभर गेलं.

त्याच सुमारास त्यांच्या दोन शोधांना परकी नावं चिकटायला सुरुवात झाली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो त्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. १२ ला तीननं भाग जातो, १८ ला नऊनं, २१ ला तीननं. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी ओहायोतल्या एका परिषदेत या संख्यांचा उल्लेख केला आणि अनेक पाश्चात्त्य लेखांत त्या ‘निव्हेन संख्या’ झाल्या. तसंच स्वयंभू संख्यांचं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: १५ मध्ये एक आणि पाच मिळवले की २१. म्हणजे २१ ची जननी १५. पण २० ला जननीच नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या संख्या कुणापासून जन्मत नाहीत, म्हणून स्वयंभू. कापरेकरांनी त्या १९४९ मध्ये मांडल्या. १९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त तोच प्रश्न उपस्थित केला आणि त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असंही नाव पडलं. इथं रांगा दोन नाहीत. रांग एकच, पाट्या दोन. मला याचा विषाद वाटतो. रेकामान किंवा निव्हेन यांनी काही हिरावून घेतलं असं नाही. देवळालीत छापलेली पातळ पुस्तिका बोगोट्याला किंवा ओहायोला पोचणार तरी कशी?

एक शब्द मात्र अस्सल आपल्या रुळांवरचा राहिला. एखाद्या संख्येला एकाहून अधिक जननी असतील तर कापरेकर तिला ‘जंक्शन’ म्हणत. पहिलं जंक्शन १०१. तिथं ९१ वरूनही गाडी येते, कारण ९१ आणि ९ आणि १ मिळून १०१. आणि १०० वरूनही येते, कारण १०० आणि १ मिळून १०१. तीन बाजूंनी गाड्या येणारं सगळ्यात लहान जंक्शन कापरेकरांनी शोधून काढलं, आणि ते चौदा अंकी निघालं: १००००००००००००१. तिन्ही बाजू अशा: १००००००००००००० आणि १, ९९९९९९९९९९९०१ आणि त्याच्या अंकांची बेरीज १००, ९९९९९९९९९९८९२ आणि त्याच्या अंकांची बेरीज १०९. संगणकाशिवाय, कागदावर. हे मी पहिल्यांदा स्वतः पडताळून बघितलं तेव्हा पेन खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो. नऊनऊच्या इतक्या लांब रांगेत १०९ मिळवल्यावर हातचा एकामागून एक घरं ओलांडत थेट टोकापर्यंत जातो. पुन्हा हातचाच.

आता ज्या संख्यांना जग ‘कापरेकर संख्या’ म्हणतं त्यांच्याकडे येतो, कारण त्यांच्याही दोन रांगा आहेत आणि त्यांची कथा डेम्लोपेक्षा खोल आहे. ५५ चा वर्ग ३०२५. मधोमध तोडा: ३० आणि २५. मिळवा: ५५. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. उजवा तुकडा निव्वळ शून्यांचा नको, नाहीतर दहा, शंभर सगळेच आत शिरतील.

प्रश्न एकच: तोडायचं कुठे? काही पुस्तकं सांगतात की संख्या जितक्या अंकांची असेल तितकेच अंक उजव्या तुकड्यात घ्या. काही सांगतात, कुठेही तोडा, बेरीज जमली की झालं. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या पूर्णांक-क्रमिकांच्या कोशात आज साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत, आणि त्यात या दोन नियमांच्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत: मोकळ्या नियमाची ए००६८८६ आणि कडक नियमाची ए०५३८१६. दोन्ही सारख्याच सुरू होतात: १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९, २२२३, २७२८. अकराव्या जागी मोकळ्या यादीत ४८७९ येते. कडक यादीत तिला जागा नाही. पुढे मोकळ्या यादीत ५२९२ येते, कडक यादीत नाही. बाकी सगळं सारखं वाटत राहतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत.

४८७९ चा वर्ग २३८०४६४१. संख्या चार अंकी, म्हणून कडक नियम म्हणतो २३८० आणि ४६४१ असे तुकडे करा. बेरीज ७०२१. जमलं नाही, बाहेर. पण तोड एक घर डावीकडे सरकवा: २३८ आणि ०४६४१. बेरीज ४८७९. केवळ एका शून्यानं तिला बाहेर ठेवलं. शाळेत अशा शून्याला आपण बिनकामाचं शून्य म्हणतो.

मी अनेक दिवस ४८७९ कडे अपवाद म्हणून बघत होतो. तिची खरी ओळख मला गणितातूनच पटली. समजा उजव्या तुकड्यात पाच अंक घेतले. मग वर्ग म्हणजे डाव्या तुकड्याची लाखपट अधिक उजवा, आणि संख्या म्हणजे डावा अधिक उजवा. एकातून दुसरं वजा केलं की उजवा तुकडा गळून पडतो आणि उरतं एवढंच: संख्या गुणिले तिच्याहून एकानं लहान संख्या, बरोबर डावा तुकडा गुणिले ९९९९९. म्हणजे शेजारच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला ९९९९९ नं भाग गेला पाहिजे. आता ९९९९९ म्हणजे ९ गुणिले ११११ असं घाईत म्हणू नका. ते ९ गुणिले १११११ आहे, आणि १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. शेजारच्या दोन संख्यांत कुठलाही अवयव सामाईक नसतो. म्हणून ९, ४१ आणि २७१ या तिघांपैकी प्रत्येकाला अख्खं एकाच शेजाऱ्याकडे जावं लागतं. तीन प्रवासी आणि दोन डबे. बसण्याचे प्रकार दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ.

४८७९ मध्ये ४१ बसला आहे: ४१ गुणिले ११९. आणि ४८७८ मध्ये ९ आणि २७१ बसले आहेत: २४३९ गुणिले २. अशी जोडी शोधायची रीत आपल्याकडे आर्यभटापासून आहे. तिला कुट्टक म्हणतात. आठही प्रकार काढले की ९९९९९ च्या, म्हणजे पाच नवांच्या, घराची सगळी माणसं समोर येतात: १, ४८७९, १७३४४, २२२२२, ७७७७८, ८२६५६, ९५१२१, ९९९९९. २००० साली डग्लस इयानुची यांनी ‘जर्नल ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’मध्ये हा मेळ सगळ्या घरांसाठी सिद्ध केला. तीन नवांच्या घरात ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, दोन प्रवासी, चार माणसं: १, २९७, ७०३, ९९९. चार नवांच्या घरात ९, ११ आणि १०१ असे तीन प्रवासी, पुन्हा आठ.

आणि वर डेम्लोच्या गोष्टीत भेटलेले ४१ आणि २७१ इथं पुन्हा उभे आहेत, ते योगायोगानं नाही. एकांच्या संख्या आणि नवांच्या संख्या यांच्यात फक्त नऊपटीचं अंतर आहे. अद्भुत डेम्लो ज्या एकांतून उगवल्या, कापरेकर संख्या त्याच एकांच्या अवयवांतून उगवतात. फलाटावर सुचलेली कल्पना आणि वर्ग तोडून मिळवण्याचा खेळ एकाच मातीतले निघाले.

घरातली माणसं जोडीनं राहतात. १ आणि ९९९९९, १७३४४ आणि ८२६५६, २२२२२ आणि ७७७७८: प्रत्येक जोडीची बेरीज एक लाख. ४८७९ ची जोडीदार ९५१२१. ही पाच अंकी असल्यामुळे कडक यादीत आरामात बसते. म्हणजे कडक नियम जोडीतल्या एकीला आत घेतो आणि दुसरीला दाराबाहेर ठेवतो, केवळ ती अंगानं लहान आहे म्हणून. दोघींचे वर्ग एकाखाली एक लिहा:

२३८ ०४६४१
९०४८० ०४६४१

शेपूट एकच. ९०४८० आणि ४६४१ मिळवा, ९५१२१ येते.

म्हणून मला मोकळी यादी खरी वाटते. कडक नियम नीटनेटका आहे, मुलांना शिकवायला सोपा आहे, आणि त्यात चूक काही नाही. पण तो संख्या तिच्या घरातून उचलून तिच्या अंकांच्या संख्येनुसार ठेवतो. सहा नवांच्या घरातली ३८९६२ ही पाच अंकी संख्या त्यानं अशीच गमावली. तिचा वर्ग १५१८०३७४४४. १५१८ आणि ०३७४४४. इथंही तोडीच्या जागी एक शून्य उभं आहे. गाळलेल्या संख्यांपैकी ज्या मी हातानं तपासल्या त्या प्रत्येकीच्या उजव्या तुकड्याच्या तोंडाशी शून्य भेटलं.

१९६२ मध्ये निवृत्त झाल्यावर कापरेकरांना निवृत्तिवेतन पुरत नव्हतं, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९६६ मध्ये पत्नी गेली. गार्डनर यांच्या लेखानंतर परदेशी टपाल येऊ लागलं, तेव्हाही ते देवळालीतच होते आणि आकडे मांडत होते. १९८० च्या सुमारास, पंचाहत्तरीत, कापरेकर संख्यांवर त्यांचा लेख अमेरिकेतल्या करमणूक-गणिताच्या जर्नलमध्ये छापून आला. १९८६ मध्ये ते देवळालीला वारले.

भाची मागच्या रविवारी आली होती. ५२९२ चा वर्ग तिला मी आधीच सांगितला होता, २८००५२६४, आणि तोडीच्या जागी दोन शून्यं असल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. तिनं विचारलं, “हिचं घर किती नवांचं?” मी म्हटलं, उजव्या तुकड्यात किती अंक आहेत ते मोज. सहा, ती म्हणाली, म्हणजे दहा लाखातून वजा. वहीत तिनं ९९४७०८ लिहिलं आणि वर्ग करायला घेतला. बाहेर लोकलचा भोंगा वाजून गेला, तिनं मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं वही माझ्याकडे सरकवली. पानभर खाडाखोड होती, कोपऱ्यात हातच्यांची गर्दी होती, आणि खाली एका चौकटीत उत्तर होतं, तोड तिनं लाल पेनानं दाखवली होती: ९८९४४४ | ००५२६४.